बनियनच्या आतला तरुण

सत्यनारायणाच्या पूजेला घरातला कर्ता पुरुष सोवळं नेसून, खांद्यावर उपरणं टाकून पाटावर बसला की बायकोच्या लक्षात येतं, आपण लग्न एकाशी केलं असलं तरी घरात पुरुष दोन आहेत. गळ्याच्या वरचा साठीचा आहे. त्याच्या गालांवर डाग आहेत, डोळ्यांच्या कडेला चुण्या आहेत, कपाळाचं तर विचारूच नका. गळ्याच्या खालचा मात्र फार तर पस्तिशीचा. पाठ सपाट, गुळगुळीत, एका रंगाची. भटजी "पाणी सोडा" म्हणतात आणि हात पुढे येतो, त्या एका हातावर तर दोन्ही वयं शेजारी शेजारी नांदत असतात. कोपराच्या वर चार बोटं, जिथे अर्ध्या बाहीचा शर्ट संपतो, तिथे सरळ रेघ. रेघेच्या वर तारुण्य, खाली सेवानिवृत्ती. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढं पुन्हा थोडं तारुण्य.

आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाचं म्हणणं असं की, वय झालं की कातडी अशी होणारच, त्यात काय एवढं. मग पाठीचं वय का झालं नाही? पाठही त्याच दिवशी जन्माला आली. तिनेही तोच वरण-भात खाल्ला, तिनेही त्याच बँकेत तेवढीच वर्षं नोकरी केली, उलट खुर्चीला टेकून जरा जास्तच केली. फरक एवढाच की तिने बनियन काढलं नाही.

त्वचेचे डॉक्टर हेच सांगतात, फक्त फी घेऊन. वयाने येणारं म्हातारपण निराळं आणि उन्हाने आणलेलं निराळं. आणि चेहऱ्यावर आपण ज्याला वय म्हणतो, त्यातला मोठा वाटा या दुसऱ्याचा असतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 95 टक्के यूव्हीए जातीचे असतात. यूव्हीबी निदान कातडी लाल करते, भाजते, म्हणजे सांगून तरी जाते. यूव्हीए बिनबोभाट खालच्या थरात उतरते आणि कातडी ताठ धरून ठेवणारे कोलॅजेनचे, इलॅस्टिनचे धागे वर्षानुवर्षं कुरतडत बसते. ढग असले तरी येते, थंडीतही येते आणि खिडकीच्या काचेतूनही येते. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे गोऱ्या साहेबांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात हे खरं. पण म्हणून खूश व्हायचं कारण नाही. आपल्याकडे आधी डाग येतात, वांग येतात, रंगाचे पट्टे पडतात, आणि सुरकुत्या मागच्या गाडीने येतात. पण येतात.

अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता. माणूस 69 वर्षांचा, 28 वर्षं मालाची गाडी चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू साधारण वयाला शोभेल अशी. डावी बाजू, म्हणजे तिकडे ड्रायव्हरची खिडकी असते ती, जाड, लोंबलेली, खोल घड्या पडलेली. एका चेहऱ्यावर बाप आणि मुलगा. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, ती यूव्हीए जवळजवळ सगळी अडवते. बाजूची काच बहुधा साधी असते, ती बरीचशी आत सोडते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा आपला उजवा गाल मोठा. आणि एसटीच्या ड्रायव्हरला तर काचेचाही आधार नाही, कारण ती खाली केलेली असते आणि उजवं कोपर खिडकीबाहेर ठेवलेलं असतं.

हे कळल्यापासून माझी कार्यालयातली करमणूक वाढली. लग्नात जेवणाच्या पंगतीला किंवा बुफेच्या रांगेत समोरच्या माणसाचा धंदा ओळखायचा. उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा म्हणजे गाडी चालवतो. दोन्ही हात सारखे, पण पंजांवर पाचही बोटांची मुळं रापलेली म्हणजे दुचाकी. पायांवर चपलेच्या पट्ट्यांचं पांढरं इंग्रजी व्ही म्हणजे पायी हिंडणारा, बहुतेक विमा एजंट. गळ्याखाली शर्टाच्या उघड्या बटणाएवढा त्रिकोण लाल-तपकिरी असेल तर गृहस्थ रोज टेकडीवर जातात आणि ते पाच मिनिटांत तुम्हाला सांगणारच आहेत. गावाकडचे आजोबा नमस्काराला टोपी काढतात तेव्हा कपाळाचे दोन मजले दिसतात: खालचा उन्हातला, वरचा लहान बाळाचा. गांधी टोपी डोकं झाकते, पण तिला पुढे झाप नसल्यामुळे नाकाची जबाबदारी ती घेत नाही.

शेतात जन्म गेलेल्या माणसाची मान मागून पाहिलीत का कधी? कातडी जाड होते आणि तिच्यावर आडव्या-तिरप्या खोल रेघा पडून अख्ख्या मानेवर शंकरपाळ्या उठतात. डॉक्टरांनी याला लांबलचक लॅटिन नाव दिलंय, त्याचा अर्थही चौकटींची मान असाच. यात हसण्यासारखं काही नाही. त्या मानेला सावलीचा पर्याय कुणी दिलाच नव्हता. मात्र त्याच शेतातल्या बायकांकडे बघा. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा जुना शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली, डोक्यावरून रुमाल किंवा टॉवेल असा घट्ट बांधलेला की कान, मान, हनुवटी सगळं आत. कांदा काढायला, ऊस तोडायला हाच गणवेश. शहरात सनस्क्रीनच्या बाटलीवरचे आकडे वाचत उभ्या राहणाऱ्या आम्ही बायका, आणि या बाईने नवऱ्याचा एक शर्ट बळकावून प्रश्न सोडवून टाकलेला. नवऱ्याचे कपडे इतक्या सत्कारणी दुसरीकडे कुठे लागत असतील असं वाटत नाही.

पुण्यातल्या मुलींनी हेच शहरी थाटात केलं. स्कार्फ चेहऱ्यावरून दोन वेढे घेऊन मागे गाठ, डोळ्यांवर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, हातांत कोपराच्या वर जाणारे मोजे. यावर सगळ्यांनी आपापल्या परीने विनोद करून झाले. मुली चंबळच्या दरोडेखोर दिसतात इथपासून बापाला स्वतःची लेक सिग्नलला ओळखू येत नाही इथपर्यंत. विनोद करणारे सगळे पुरुष होते आणि त्यांचे चेहरे उघडे होते. आज पंचवीस वर्षांनी त्या मुली आणि ते विनोदवीर शेजारी उभे करून बघावेत. माझी तक्रार एकच आहे. ही सगळी चिलखतं दुचाकीसाठी असतात. तीच मुलगी दुपारी दोन वाजता तुळशीबागेत दीड तास भर उन्हात पायी हिंडते तेव्हा स्कार्फ पर्समध्ये असतो, कारण आता गाडीवर नाही ना.

खिडकीचं ऊन हे आणखी एक प्रकरण. "व्हिटॅमिन डी कमी आहे" हे वाक्य रक्ताच्या रिपोर्टात आलं की आमच्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक गॅलरीत खुर्ची टाकतात. वारा लागू नये म्हणून स्लायडिंगची काच लावून घेतात, गुडघ्यांवर शाल घेतात आणि सकाळी साडेसातच्या कोवळ्या उन्हात पेपर संपेपर्यंत चेहरा धरून बसतात. आता गंमत अशी की व्हिटॅमिन डी तयार होतं यूव्हीबीमुळे, आणि काच नेमकी यूव्हीबीच अडवते. यूव्हीए मात्र आत घेते. म्हणजे आजोबांना व्हिटॅमिन एक थेंब मिळत नाही, सुरकुत्या तेवढ्या घरपोच मिळतात. काच उघडली तरी साडेसातच्या तिरप्या उन्हात यूव्हीबी नावालाच असते. ती नीट मिळते ऊन डोक्यावर आल्यावर, दुपारच्या सुमारास. हे मी एका आजोबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आमचे वडील नव्वद वर्षं कोवळ्या उन्हात बसले." वडिलांच्या काळी गॅलरीला काच नव्हती, हा मुद्दा मी गिळला. नव्वदीच्या माणसाशी, तो हयात नसला तरी, वाद घालू नये.

उन्हाने जेवढं केलं नाही तेवढं आपण स्वच्छतेच्या नावाखाली करतो. मराठी आईचा अढळ विश्वास आहे की काळं म्हणजे मळ. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होतो, जरा अंगाने भरतो, मानेमागे काळपट, मखमली पट्टा दिसायला लागतो. झालं. "आंघोळ करतोस की नुसता भिजतोस?" रविवारी सकाळी न्हाणीघराचं दार उघडं ठेवून, स्टुलावर बसवून मानेवर मोहीम निघते. आधी साबण, मग डाळीचं पीठ, मग नायलॉनची जाळी. ही जाळी आणि भांड्यांची घासणी यांत रंगापलीकडे फरक मला कधी दिसलेला नाही. मुलगा ओरडतो, मान लाल होते, आठ दिवसांत पट्टा पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतो, आणि पुढच्या रविवारी अधिक जोराने मोहीम. तो पट्टा मळाचा नसतोच बहुतेक वेळा. वजन वाढलं, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत कातडी अशी जाड आणि काळी होते. डॉक्टर त्याला अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. म्हणजे दोष डब्यातल्या वेफर्सचा, शिक्षा मानेला. शिवाय रोज जाळीने घासल्यानेच पाठीवर, दंडांवर काळपट लहरी उठतात हे आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. घासून काळं झालेलं घासून गोरं करायचं, हा उद्योग आपल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

साबणाचंही तेच. कातडी मुळात जराशी आंबट, तिचा पीएच पाचाच्या आसपास. साधा साबण नऊ-दहाचा. त्यावर गीझरचं कढत पाणी, अंग लाल झाल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. मग दिवसभर पिंढऱ्यांवर नखाने पांढऱ्या रेघा ओढता येतात आणि माणूस म्हणतो, यंदा थंडी कोरडी आहे.

लिंबाबद्दल थोडक्यात सांगते, कारण लिंबाच्या बाजूने बोलणारे फार आहेत. लिंबू सरबतात घालावं, पोह्यांवर पिळावं. चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नये. त्याच्या रसातले काही घटक उन्हाशी संगनमत करून कातडी भाजतात आणि डाग ठेवून जातात.

त्याहून भयंकर म्हणजे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. लग्न ठरलेल्या मुलीची मावशी त्याला विचारते, "चेहरा उजळायला काही आहे का हो?" तो काउंटरखालून एक छोटी ट्यूब काढतो. आठवड्यात चेहरा असा तुकतुकीत होतो की मावशी शेजारच्या दोघींना नाव सांगते. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, मुळात इसबासारख्या आजारासाठी डॉक्टरने मोजून द्यायचं. रोज चेहऱ्यावर चोपडलं की कातडी पातळ होत जाते, आतल्या लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, कुठे कुठे लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत या यादीत टाकली. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला मात्र आमच्या भागात अजून उघडायचा आहे.

पुरुषांच्या डोळ्यांभोवतीच्या जाळ्याचं कारण शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. चाळिशीचा चष्मा लागला हे मान्य करायला मराठी पुरुषाला सरासरी दहा वर्षं लागतात, हा माझा घरगुती अंदाज. तोवर तो मोबाइल हात पुरेल तितका लांब धरतो, डोळे बारीक करतो, नाक आणि कपाळ एकत्र आणतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आरोग्याचा सल्ला वाचतो. एकाच घडीवर दिवसात शेकडो वेळा स्नायू ओढला की घडी कायमची बसते. चष्मा लावला तर म्हातारा दिसेन म्हणून लावला नाही, आणि न लावल्याने दिसला. गॉगलची तीच कथा. उन्हात डोळे मिचकावत फिरेल, पण गॉगल नको. "लोक काय म्हणतील, या वयात गॉगल?" लोक काहीही म्हणत नाहीत. लोकांचेही डोळे बारीक झालेले असतात, त्यांना दिसत नाही.

आणि हेल्मेट! हेल्मेटची पारदर्शक काच पॉलिकार्बोनेटची असेल तर ती अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवते. फुकटचं सनस्क्रीन, तेही न पुसलं जाणारं. पण ते डोक्यावर हवं. आमच्या शहरात ते कोपरात अडकवायची पद्धत आहे, त्यामुळे इथल्या पुरुषांचं डावं कोपर तेवढं अत्यंत नितळ.

सिगारेटवर मी बोलणार नाही. डग्लस मॉडेल नावाच्या डॉक्टरने 1985 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहूनच ठेवलंय की ओढणारा नुसत्या चेहऱ्यावरूनही ओळखू येतो: खोल रेघा, ओढलेले गाल, राखाडी झाक. साखरेवर मात्र बोलावं लागेल, कारण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा साखर खाणारे आपल्याकडे जास्त. एचबीएवनसी, म्हणजे 'तीन महिन्यांची साखर' ही तपासणी आता घरोघरी माहीत आहे. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, ती त्यात मोजतात. तीच साखर कोलॅजेनलाही चिकटते आणि त्याचे धागे कडक करून टाकते. पण तांबडी पेशी सुमारे 120 दिवसांत मरते, नवी येते, पाटी कोरी होते. म्हणून तर आमचे एक नातेवाईक तपासणीच्या आधी तीन महिने चहा बिनसाखरेचा पितात आणि रिपोर्ट हातात पडला की त्याच संध्याकाळी श्रीखंड आणतात. कोलॅजेन एवढ्या लवकर बदलत नाही, ते वर्षानुवर्षं तेच असतं. प्रत्येक गणपतीचे मोदक त्याला लक्षात असतात.

राहता राहिलं सनस्क्रीन. मध्यमवर्गीय मराठी घरात सनस्क्रीनची ट्यूब एकदाच विकत घेतली जाते, महाबळेश्वरला जाताना. ती चौघांत असते. परत आल्यावर ती बाथरूमच्या आरशामागच्या कप्प्यात जाते, तिथे तिचं झाकण तडकतं, तारीख उलटते, आणि पुढच्या सहलीला ती पुन्हा बॅगेत पडते. आमच्याकडे ती दाबली की आधी पाणी येतं आणि मग दह्याच्या गुठळ्या. लावायची पद्धत अशी: बोटावर वाटाण्याएवढी घ्यायची, अर्धी एका गालावर, अर्धी दुसऱ्यावर, बोटाला उरलेली नाकाला. मग दोन दिवस रापून आल्यावर म्हणायचं, काही उपयोग नाही, सगळी कंपन्यांची लूट.

मी नवऱ्याला समजावायला बसले. तो बँकेतला, म्हणून आकड्यांत सांगितलं. एसपीएफ 15 सुमारे 93 टक्के यूव्हीबी अडवतं, 30 सुमारे 97, 50 सुमारे 98. पण हे कधी, तर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावलं तर. लोक लावतात त्याच्या निम्मं किंवा पाव. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं, आणि उन्हात असाल तर दोन तासांनी परत. त्याने कागद ओढला. ट्यूब 50 ग्रॅमची, किंमत पाचशे रुपये, एका वेळेला सव्वा ग्रॅम, दिवसातून दोनदा. वीस दिवसांत ट्यूब खलास. हात अजून धरलेच नव्हते. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि निकाल दिला, "यापेक्षा छत्री परवडते."

आणि निकाल चुकीचा नव्हता. काळी, दाट कापडाची छत्री हे उन्हावरचं उत्तम औषध आहे, शिवाय तिला तारीख नसते. दुसऱ्याच दिवशी, एप्रिलच्या भर दुपारी, नवरा वडिलांच्या वेळची काळी छत्री उघडून पोस्टात निघाला. मी खिडकीतून कौतुकाने बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूही बघत होत्या. त्यांनी छत्री पाहिली, आभाळ पाहिलं नाही. "अगंबाई, अवकाळी आला!" म्हणून त्या जिना चढायला लागल्या, कारण गच्चीवर सकाळपासून पाच किलो गव्हाच्या चिकाच्या कुरडया जुन्या साडीवर पसरलेल्या होत्या. जाता जाता त्यांनी खाली हाक दिली, "अहो, आधी वर या, एकटीला आवरणार नाहीत!" नवरा पोस्ट सोडून धावला.

मी वर पोचले तेव्हा निम्म्या कुरडया ताटांत गोळा झाल्या होत्या आणि आभाळ स्वच्छ असल्याचा शोध नुकताच लागला होता. काकूंनी त्या पुन्हा पसरायला घेतल्या. एकेक ओली कुरडई न मोडता उलटून ठेवायचं काम, ज्याच्या छत्रीने घोटाळा केला, त्याच्याकडे साहजिकच आलं. साडेबाराचं ऊन, अर्ध्या बाहीचा शर्ट, उघडी मान, डोळे बारीक केलेले. छत्री तेवढी गच्चीच्या कोपऱ्यात व्यवस्थित उघडून ठेवलेली होती. तिच्या सावलीत काकूंनी उरलेल्या चिकाचं पातेलं ठेवलं होतं, वर साय धरू नये म्हणून.